केनेडींची पाठ

झुलत्या खुर्चीत बसलेले अमेरिकेचे पस्तिसावे राष्ट्राध्यक्ष जॉन फिट्झजेराल्ड केनेडी हे छायाचित्र ज्यांनी १९६१ ते १९६३ या काळातील नियतकालिके चाळली असतील त्यांच्या ओळखीचे असेल. समोर कोचावर कोणी परराष्ट्रमंत्री वा सेनापती अवघडून बसलेला असे, आणि हा त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांचा देखणा पुरुष सहज मागेपुढे झुलत असे. अमेरिकेत त्या खुर्चीची फॅशन आली. पुढारलेल्या तरुण राष्ट्राध्यक्षाची ऐटदार लकब म्हणून जगाने तिच्याकडे पाहिले. वस्तुतः ती खुर्ची हा औषधोपचार होता. एका जागी स्थिर बसणे त्या माणसाला असह्य होत असे, आणि अंगावरच्या झकास शिवलेल्या कोटाखाली कमरेभोवती घट्ट पट्टा आवळलेला असे.

गोव्यातील जुन्या पिढीला केनेडी आठवतात ते निराळ्या कारणाने. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत अमेरिकेने घेतलेली भूमिका इथल्या मनांना लागली होती. तो विषय पुढे ओघात येईल. आज सांगायची आहे ती त्यांच्या पाठीची कथा. चार शस्त्रक्रिया, त्यांतून उद्भवलेल्या गुंतागुंती, आणि प्रत्येक गुंतागुंतीवर उपाय म्हणून आलेली पुढची सुरी, असा तिचा क्रम आहे. कंबरदुखीने गांजलेल्या आणि शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ पाहणाऱ्या माणसाला ती आजही परकी वाटणार नाही.

केनेडी यांचा जन्म २९ मे १९१७ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रुकलाइन येथे झाला. नऊ भावंडांतले ते दुसरे. वडील जोसेफ केनेडी हे गडगंज श्रीमंत, महत्त्वाकांक्षी आणि मुलांना हरणे माहीतच असू नये अशा मताचे गृहस्थ. घरातला हा मुलगा मात्र सतत आजारी. तीन वर्षांचा होण्यापूर्वीच त्याला लोहितज्वराने गाठले आणि तो मरता मरता वाचला. शाळेत पोटाच्या विकाराने त्याचा पिच्छा पुरवला; निदान होईना, वजन वाढेना. हार्वर्ड विद्यापीठात तो फुटबॉल खेळला. त्याच काळात पाठीला दुखापत झाल्याचे सांगितले जाते. १९४० पर्यंत कमरेच्या खालच्या भागातले दुखणे त्याच्या आयुष्यात पक्के मुक्कामाला आले होते.

हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण पुढे लोकांना सांगितली गेलेली गोष्ट वेगळी होती. १९४१ मध्ये केनेडी सैन्यात भरती व्हायला गेले, तेव्हा वैद्यकीय तपासणीत ते नापास झाले. नौदलानेही त्यांना परत पाठवले. अखेर वडिलांच्या ओळखी कामी आल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना नौदलात अधिकारपद मिळाले. सैन्य टाळण्यासाठी ओळखी वापरणारी श्रीमंतांची मुले अनेक असतात. सैन्यात शिरण्यासाठी वापरणारे हे एक उदाहरण. आजारी पाठ घेऊन या तरुणाने निवड केली ती टॉर्पेडो-नौकांची. लाकडी बांधणीच्या त्या हलक्या, वेगवान नौका लाटांवर आदळत धावत, आणि धडधाकट खलाशांचीही हाडे त्यांवर खिळखिळी होत.

२ ऑगस्ट १९४३ च्या मध्यरात्रीनंतर सॉलोमन बेटांजवळच्या ब्लॅकेट सामुद्रधुनीत ‘अमागिरी’ या जपानी विनाशिकेने केनेडींच्या पीटी-१०९ या नौकेचे दोन तुकडे केले. दोन खलाशी जागीच गेले, अकरा वाचले. गंभीर भाजलेल्या एका सहकाऱ्याच्या जीवरक्षक जाकिटाचा पट्टा दातांत धरून केनेडी त्याला ओढत सुमारे चार तास पोहत एका निर्जन बेटावर पोहोचले. पुढचे दिवस नारळांवर काढले. बियुकू गासा आणि एरोनी कुमाना या दोन स्थानिक तरुणांनी त्यांना शोधले. नारळाच्या करवंटीवर कोरलेला निरोप त्यांनी दोस्तांच्या तळापर्यंत नेला आणि ८ ऑगस्टला सुटका झाली. या पराक्रमात तिळमात्र खोटे नाही. परंतु पाठीच्या दुखण्याचा उगम तिथेच झाला, हे नंतरच्या निवडणुकांत रुजलेले चित्र अर्धे खरे होते. दुखणे आधीपासून होते. युद्धाने ते वाढवले. युद्धातली जखम मिरवता येते, जुनाट कंबरदुखी मिरवता येत नाही, हे केनेडी कुटुंबाला पुरते उमजत असावे.

मायदेशी परतल्यावर दुखणे पायात उतरू लागले. इथे वैद्यकशास्त्राचा थोडा इतिहास सांगणे भाग आहे. दोन मणक्यांच्या मध्ये जी लवचीक चकती असते, जिला आपल्याकडे सर्रास ‘गादी’ म्हटले जाते, ती सरकून मज्जातंतूवर दाब येतो आणि त्याने कंबर व पाय दुखतात, ही गोष्ट मिक्स्टर आणि बार या बोस्टनच्या दोन शस्त्रवैद्यांनी १९३४ मध्ये स्पष्ट मांडली. सरकलेला भाग काढला की रोगी बरा होतो, हेही त्यांनी दाखवले. पुढच्या दहा वर्षांत त्या शोधाने अमेरिकी शस्त्रवैद्यांना झपाटून टाकले. दिसली कंबरदुखी की धर गादीला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण वारे त्या दिशेचे होते. केनेडींचे गावही बोस्टनच.

२३ जून १९४४ रोजी बोस्टनमधील न्यू इंग्लंड बॅप्टिस्ट रुग्णालयात जेम्स पॉपेन या नामांकित शस्त्रवैद्यांनी त्यांच्या पाठीवर पहिली शस्त्रक्रिया केली. मज्जातंतूवर चेपून बसलेली गादी सापडेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तशी ठळक सरकलेली गादी मिळाली नाही; मिळाली ती झिजलेली, मऊ पडलेली ऊती. ती काढून टाकण्यात आली. सुरुवातीचे काही दिवस बरे गेले आणि रोगी उठून चालू लागताच पाठीचे स्नायू असे काही आखडले की वेदनाशामकांचे मोठे डोस द्यावे लागले. म्हणजे ज्या दोषासाठी पाठ उघडली तो दोष तिथे नव्हता, आणि उघडल्यामुळे जे झाले ते मात्र कायमचे राहिले. त्या उन्हाळ्यात, ते अजून सावरत असतानाच, १२ ऑगस्टला थोरला भाऊ जोसेफ विमानस्फोटात ठार झाला. वडिलांच्या राजकीय आकांक्षांचा वारसा आता या मोडक्या पाठीवर आला. मार्च १९४५ मध्ये नौदलाने त्यांना प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त केले.

पॉपेन यांना दोष देण्याचा इथे हेतू नाही. त्या काळी एमआरआय नव्हते. पाठीच्या कण्यात हवा वा रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांवर जी सावली उमटे तिच्यावरून अंदाज बांधावा लागे. आज यंत्रे अचूक आहेत, तरीही चित्रात दिसणारी झीज आणि रोग्याला होणारी वेदना यांची सांगड घालणे हेच कंबरदुखीच्या वैद्यकातले सर्वांत अवघड काम राहिले आहे. झीज तर वेदना नसलेल्यांच्या मणक्यांतही दिसते.

१९४६ मध्ये केनेडी प्रतिनिधिगृहात निवडून गेले. प्रचारात बोस्टनच्या कामगार वस्त्यांतील तीन-तीन मजल्यांचे जिने दिवसभर चढायचे आणि रात्री गरम पाण्याच्या टबात पडून राहायचे, असा क्रम होता. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९४७ मध्ये, लंडनला गेले असताना ते कोसळले. तेथील डॉक्टरांनी निदान केले ते ॲडिसनच्या विकाराचे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी या विकारात निकामी होतात. ताप असो, अपघात असो वा शस्त्रक्रिया, शरीरावर ताण आला की या ग्रंथींतून पाझरणारे संप्रेरकच माणसाला उभे ठेवते. ते नसले की रक्तदाब ढासळतो, साधा जंतुसंसर्गही प्राणावर बेततो. परतीच्या प्रवासात ‘क्वीन मेरी’ जहाजावर त्यांची अवस्था इतकी खालावली की मरणासन्नाला द्यायचा कॅथलिक संस्कार पाद्रींनी त्यांना दिला. लोकांना सांगण्यात आले की युद्धात जडलेला मलेरिया उलटला आहे.

त्यांना वाचवले ते काळाने. मांडीच्या त्वचेखाली संप्रेरकाच्या गोळ्या बसवण्याची पद्धत तेव्हा होतीच. लवकरच कॉर्टिसोन उपलब्ध झाले. दहा वर्षे आधी हा रोग जडता, तर आपण आज त्यांचे नावही घेत नसतो.

१९५२ मध्ये केनेडी सिनेटवर निवडून आले. १२ सप्टेंबर १९५३ रोजी जॅकलिन बूव्हिए यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वर्षभरात स्थिती अशी झाली की छत्तीस-सदतीस वर्षांचा हा सिनेटर कुबड्यांवर आला. वाकून पायमोजा चढवणे अशक्य झाले. डॉक्टरांपुढे मार्ग होता तो मणके एकमेकांना जोडून टाकण्याचा. कमरेचा शेवटचा मणका, त्याखालची त्रिकास्थी आणि कटीचे हाड यांच्यातली हालचालच बंद केली तर हालचालीने होणारी वेदनाही थांबेल, असा त्यामागचा तर्क. पण ॲडिसनच्या रोग्यावर एवढी मोठी शस्त्रक्रिया करायला बोस्टनचे त्यांचे जुने डॉक्टर तयार नव्हते. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीतील फिलिप विल्सन यांच्या चमूने जबाबदारी घेतली, तीही धोक्याची पूर्ण कल्पना देऊन. रोगी वाचण्याची शक्यता निम्मी, अशी घरच्या मंडळींची समजूत होती. वडिलांनी त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. फ्रँकलिन रूझवेल्ट चाकांच्या खुर्चीत बसून राष्ट्राध्यक्ष झाले, तसे तूही होऊ शकशील, असा त्यांचा युक्तिवाद होता. मुलाने ऐकले नाही. उरलेले आयुष्य कुबड्यांवर काढण्यापेक्षा जुगार खेळणे त्याला पत्करले.

या निर्णयाविषयी मत बनवणे सोपे नाही. परिणाम ठाऊक असलेल्या आपल्याला तो चुकीचा वाटतो. ज्याने रोज पहाटे अंथरुणातून उठण्यासाठी दात-ओठ खाल्ले आहेत त्याला तो चुकीचा वाटेलच असे नाही.

२१ ऑक्टोबर १९५४ रोजी तीन तासांहून अधिक वेळ चाललेल्या शस्त्रक्रियेत मणके जोडण्यात आले आणि ते स्थिर राहावेत म्हणून धातूची पट्टी हाडांत स्क्रूंनी बसवण्यात आली. शस्त्रक्रियेचा धक्का शरीराने कसाबसा पेलला. संप्रेरकांची मात्रा तासातासाला जुळवणारे तज्ज्ञ उशाशी होते. संकट आले ते तिसऱ्या दिवशी, मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाच्या रूपाने. प्रतिजैविकांना तो दाद देईना. केनेडी बेशुद्धीत गेले. पुन्हा एकदा पाद्रींना बोलावण्यात आले, पुन्हा तो अखेरचा संस्कार झाला. पोलादी मनाचे म्हणून ख्यात असलेले जोसेफ केनेडी त्या दिवसांत ढसाढसा रडल्याचे त्यांच्या परिचितांनी नोंदवले आहे.

रोगी त्यातूनही उठला. पण पाठीतली जखम भरत नव्हती. कॉर्टिसोनने प्राण वाचवले, आणि त्याच कॉर्टिसोनमुळे जखमा भरून येण्याची व जंतूंशी झुंजण्याची शरीराची शक्ती उणावते, हा पेच होता. फ्लॉरिडातील पाम बीचच्या घरी त्यांना हलवण्यात आले. पाठीत उघडी, पू झिरपणारी जखम. तिचे ड्रेसिंग करायला पत्नी शिकली. धातूची पट्टी हे आता जंतूंचे घर बनले होते. निर्जीव वस्तूला रक्तपुरवठा नसतो. तिच्यावर जंतू बसले की औषध तिथपर्यंत नीट पोहोचत नाही. फेब्रुवारी १९५५ मध्ये न्यूयॉर्कला परत नेऊन तिसरी शस्त्रक्रिया झाली आणि ती पट्टी काढावी लागली. चार महिन्यांपूर्वी जीव पणाला लावून जे बसवले, ते तितकाच धोका पत्करून उपसून काढले.

कृत्रिम वस्तू मणक्यांत बसवण्याचा हा अनुभव वैद्यकाला पुढेही वेगवेगळ्या रूपांत आला, म्हणून किंचित विषयांतर करतो. मणके जोडून हालचाल बंद करण्याऐवजी झिजलेल्या गादीच्या जागी नवी गादीच बसवावी, ही कल्पना त्याच १९५० च्या दशकात स्वीडनमध्ये मूळ धरू लागली होती. उल्फ फर्नस्ट्रोम या शस्त्रवैद्यांनी मणक्यांच्या मध्ये पोलादी गोळ्या बसवल्या; पुष्कळ रोग्यांत त्या गोळ्या हळूहळू मणक्याच्या हाडात रुतत गेल्या. पुढे बर्लिनच्या शारिते रुग्णालयात धातूच्या दोन तबकड्यांमध्ये प्लॅस्टिकचा गाभा असलेली कृत्रिम चकती तयार झाली आणि १९८४ मध्ये ती प्रथम रोग्यात बसवली गेली. अमेरिकेने तिला मान्यता दिली ती २००४ मध्ये. योग्य निवडलेल्या रोग्यांना अशा चकत्यांचा लाभ होतो, हे नाकारता येत नाही. पण तक्रारींची यादीही ओळखीची आहे: चकती हाडात रुतणे, जागेवरून सरकणे, प्लॅस्टिक झिजणे, मणक्याच्या मागच्या छोट्या सांध्यांवर ताण येऊन तिथून नवी वेदना सुरू होणे. शिवाय कमरेची चकती पोटाच्या बाजूने, शरीरातल्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला सारून बसवावी लागते. ती काढण्याची पाळी आली तर त्याच वाटेवर पहिल्या शस्त्रक्रियेचे व्रण रक्तवाहिन्यांना चिकटून बसलेले असतात. बसवणे एकवेळ सोपे, काढणे महाकठीण. केनेडींच्या पाठीत अशी चकती कधीच बसली नव्हती. मात्र आत बसवलेला धातू पुन्हा बाहेर काढावा लागण्याचा अर्थ काय असतो, तो त्यांनी अंगावर भोगला होता.

त्या आठ महिन्यांच्या शय्येवर दोन गोष्टी घडल्या आणि दोहोंवर वाद झाले. पहिली म्हणजे ‘प्रोफाइल्स इन करेज’ हे पुस्तक. राजकीय किंमत मोजून विवेकाला जागलेल्या आठ अमेरिकी सिनेटरांची चरित्रे त्यात आहेत. १९५६ च्या प्रारंभी ते प्रसिद्ध झाले, १९५७ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. लेखनाचा मोठा वाटा त्यांचे सहायक थिओडोर सोरेन्सन यांचा होता, हे आता सर्वमान्य आहे. दुसरी म्हणजे एक न दिलेले मत. २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटने जोसेफ मॅकार्थी यांची निर्भर्त्सना करणारा ठराव संमत केला. मॅकार्थी केनेडी कुटुंबाचे स्नेही. रुग्णालयात असलेल्या केनेडींनी मत नोंदवले नाही, अनुपस्थितीत आपली बाजू कळवण्याची सोय होती तीही वापरली नाही. धैर्याची चरित्रे लिहिणाऱ्याने स्वतःच्या कसोटीच्या वेळी पाठ फिरवली, अशी टीका त्यांच्यावर आयुष्यभर झाली. पाठ खरोखरच दुखत होती, हे जितके खरे, तितकीच ती टीकाही खरी आहे.

या शस्त्रक्रियेचा आणखी एक चमत्कारिक वारसा राहिला. नोव्हेंबर १९५५ मध्ये अमेरिकी शस्त्रक्रियाविषयक नियतकालिकात विल्सन व सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. अधिवृक्क ग्रंथी निकामी असलेल्या रोग्यांवर शस्त्रक्रिया करताना काय काळजी घ्यावी, असा विषय. त्यातील एक रोगी सदतीस वर्षांचा पुरुष होता. शस्त्रक्रियेची तारीख २१ ऑक्टोबर १९५४. नाव अर्थातच नव्हते. १९६० च्या निवडणुकीत प्रतिस्पर्ध्यांनी केनेडींना ॲडिसनचा विकार असल्याचा आरोप केला, तेव्हा केनेडींच्या बाजूने शब्दांची कसरत करून तो फेटाळण्यात आला. क्षयामुळे होणारा तो जुना ॲडिसन विकार आपल्याला नाही, असे म्हणण्यात तांत्रिक सत्य होते आणि व्यावहारिक असत्य. उत्तर मात्र वैद्यकीय ग्रंथालयांच्या फडताळांत पाच वर्षे उघडे पडले होते. १९६७ मध्ये, रोगी गेल्यावर, एका डॉक्टरांनी तारखा जुळवून ते जाहीर केले.

सप्टेंबर १९५७ मध्ये जुन्या जखमेत पुन्हा गळू झाले आणि चौथ्यांदा पाठ उघडून पू काढावा लागला. तीन वर्षे जंतू आत दबा धरून बसले होते.

मे १९५५ मध्येच एक वेगळी वाट त्यांच्यापुढे आली होती. जॅनेट ट्रॅव्हेल या न्यूयॉर्कच्या डॉक्टर स्नायूंच्या वेदनेच्या तज्ज्ञ. त्यांनी हाडांकडे न पाहता स्नायूंकडे पाहिले. आखडलेल्या बिंदूंवर बधिर करणाऱ्या औषधाची इंजेक्शने दिली. एक पाय दुसऱ्याहून किंचित आखूड आहे, हे त्यांनी हेरले आणि त्या बुटाची टाच उंच करवली. इतक्या नामांकित शस्त्रवैद्यांनी पाठ चार वेळा हाताळली, तिथे बुटाच्या टाचेची गोष्ट दुसऱ्याच कोणाच्या लक्षात यावी, याचा विचार करावासा वाटतो. झुलती खुर्चीही त्यांचीच देणगी. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या वैयक्तिक डॉक्टर म्हणून त्यांची नेमणूक झाली; त्या पदावरील त्या पहिल्या महिला.

पण इंजेक्शनांचा आराम तात्पुरता. मे १९६१ मध्ये कॅनडातील ओटावा येथे समारंभात झाड लावताना फावड्याने माती उचलली आणि पाठ पुन्हा गेली. दोन-अडीच आठवड्यांवर व्हिएन्नात ख्रुश्चेव्ह यांच्याशी भेट होती. त्या काळात ट्रॅव्हेल यांची इंजेक्शने चालू होतीच, शिवाय मॅक्स जेकबसन नावाचे न्यूयॉर्कचे एक डॉक्टर गुपचूप येऊन अ‍ॅम्फेटॅमिन मिसळलेली इंजेक्शने देत. वेदना पळवणारी आणि तरतरी आणणारी ती सुई. अणुबॉम्बचे बटण ज्याच्या हाती, त्याच्या रक्तात काय काय मिसळले जात होते, हे तेव्हाच्या अमेरिकी मतदाराला ठाऊक असते तर? व्हिएन्नाहून परतल्यावर ते उघडपणे कुबड्यांवर दिसले.

व्हाइट हाउसमधील नौदलाचे डॉक्टर जॉर्ज बर्कली यांना ही सुयांची परंपरा मोडायची होती. दिवसाला अनेक इंजेक्शने चालली तर हा माणूस लवकरच चाकांच्या खुर्चीत बसेल, अशी त्यांना भीती होती. त्यांच्या आग्रहाने ऑक्टोबर १९६१ मध्ये हान्स क्राउस यांना बोलावण्यात आले. ऑस्ट्रियात शिक्षण घेतलेले क्राउस हे पट्टीचे गिर्यारोहक. त्यांनी तपासले तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या पोटाचे आणि पाठीचे स्नायू दुबळे आणि ताठर झालेले आढळले. वर्षानुवर्षांच्या पट्ट्याने आणि विश्रांतीने ते काम करायचे विसरले होते. क्राउस यांचा उपाय अगदी साधा होता: आठवड्यातून तीन दिवस व्यायाम, त्यांच्या देखरेखीखाली, न चुकता. जलतरण तलावाशेजारच्या छोट्या व्यायामशाळेत तो सुरू झाला. तो तलावही रूझवेल्ट यांच्या पोलिओग्रस्त पायांसाठी बांधलेला. आज त्याच्यावर पत्रकारांचा कक्ष उभा आहे.

आता गोव्याकडे वळता येईल. क्राउस यांचा व्यायाम सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता तेव्हा, नोव्हेंबर १९६१ मध्ये, पंडित नेहरू अमेरिकेच्या भेटीवर गेले. ती भेट निरुत्साही ठरली. पुढच्या महिन्यात गोवा मुक्त झाला. सुरक्षा समितीत अमेरिकेचे प्रतिनिधी अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांनी भारतावर कडक टीका केली. सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव अडला. पोर्तुगालच्या ताब्यातील अझोर्स बेटांवरचा हवाई तळ अमेरिकेला हवा होता, हे त्यामागचे एक कारण सर्वज्ञात आहे. ज्या १९ डिसेंबरला पणजीवर तिरंगा चढला, त्याच दिवशी पाम बीचला जोसेफ केनेडींना अर्धांगाचा झटका आला आणि मुलाला रूझवेल्टांच्या खुर्चीचे उदाहरण देणारा तो बाप स्वतः चाकांच्या खुर्चीत गेला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध काहीच नाही. आपल्या दृष्टीने इतिहासाचा तो दिवस त्या घरात कसा उगवला होता, एवढेच त्यातून दिसते.

व्यायामाचा गुण आला. महिन्याभरात नव्हे, वर्ष-दीड वर्षात. इंजेक्शने सुटत गेली. चढ-उतार होतच राहिले, पण १९६३ पर्यंत आपल्या लहानग्या मुलाला ते उचलून घेऊ शकत होते. ज्या वेदनेसाठी मणके कापले, जोडले, धातूने आवळले आणि पुन्हा उघडले, तिला उतार पडला तो जमिनीवर आडवे पडून हातपाय हलवण्याने. प्रत्येक कंबरदुखीला शस्त्रक्रिया नकोच असा निष्कर्ष कोणी यातून काढू नये. मज्जातंतू चेपला जाऊन पायातली ताकद जाऊ लागली असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर सुरीला पर्याय नसतो आणि उशीर घातक ठरतो. केनेडींच्या पाठीत तसे काही असल्याचा पुरावा पुढे आलेला नाही.

पट्ट्याची सवय मात्र सुटली नाही. ती सुटावी अशी क्राउस यांची इच्छा होती. १९६३ च्या उत्तरार्धात पाठ पुन्हा थोडी धरली आणि पट्टा अधिकच आवळला गेला. २२ नोव्हेंबरला डॅलसमध्ये उघड्या मोटारीत बसताना केनेडींच्या कमरेला तो होता आणि त्यावरून मांड्यांभोवती लवचीक बँडेजचे वेढे दिलेले होते. २०१७ मध्ये अमेरिकेतील दोन शस्त्रवैद्यांनी एका शोधनिबंधात असे मत मांडले की पहिली गोळी लागल्यावर साधारण माणूस पुढे वा आडवा कोसळला असता. पट्ट्याने केनेडींना ताठ बसते ठेवले आणि दुसऱ्या गोळीला डोके आयते मिळाले. हे सिद्ध करता येण्याजोगे नाही, आणि त्या काही सेकंदांविषयी आजवर इतके लिहिले गेले आहे की आणखी एका तर्काची भर घालताना संकोच वाटतो. पण पट्टा होता, हे निर्विवाद आहे.

शवविच्छेदनात अधिवृक्क ग्रंथी जवळजवळ नाहीशा झालेल्या होत्या. त्याविषयी त्या डॉक्टरांनी तीन दशके मौन पाळले. १९९२ मध्ये ते सुटले. ट्रॅव्हेल यांच्या नोंदी, क्ष-किरणचित्रे आणि औषधांच्या याद्या बोस्टनच्या केनेडी ग्रंथालयात बंद पेट्यांत होत्या. २००२ मध्ये इतिहासकार रॉबर्ट डॅलेक यांना त्या पाहण्याची परवानगी मिळाली, आणि एक डॉक्टर सोबत घेऊन ते त्या पेट्यांसमोर बसले. जगाला ज्याची फक्त झुलती खुर्ची ठाऊक होती, त्याच्या कण्यातले स्क्रू त्या काळ्या-पांढऱ्या चित्रांत स्पष्ट दिसत होते.